लाटांची गिटार आणि आपली गुमनाम माणसं

२००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाचा एक अमेरिकन सिनेमा आला होता. त्याची सुरुवातच आपल्या एका हिंदी गाण्याने होते. एक चष्मेवाली मुलगी आपल्या खोलीत टीव्हीवर ते गाणं लावते आणि बेभान होऊन नाचते. गाणं आहे १९६५ सालच्या ‘गुमनाम’मधलं, ‘जान पहेचान हो’. पुढे २०११ साली एका परदेशी बिअर कंपनीने जगभर दाखवलेल्या जाहिरातीत हेच गाणं वापरलं. ज्यांना हिंदीचा गंधही नाही असे लोक आज ते गुणगुणतात. तिकडचे गिटारवेडे तर ‘सर्फ’ संगीताच्या जुन्या तबकड्यांच्या शेजारी याला मानाने जागा देतात.

सर्फ संगीत म्हणजे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या पोरांचं संगीत. त्याचा आणि मुंबईच्या सिनेमाचा काय संबंध, असं कुणीही विचारील. गंमत अशी की हा धागा ओढत गेलं की तो हवाईला जातो, हैदराबादला जातो आणि शेवटी आपल्या गोव्यात येऊन थांबतो. मात्र त्यासाठी आधी गिटारची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

साल १९६१. कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआ इथल्या रांदेव्हू बॉलरूममध्ये डिक डेल नावाचा तरुण गिटार वाजवायचा. दिवसा समुद्रावर फळी घेऊन जायचा आणि रात्री हजारो पोरांना नाचवायचा. लाटेवर असताना अंगात जो थरार भरतो तो तारांतून बाहेर काढायचा, ही त्याची धडपड. त्यासाठी तो एकाच तारेवर नखीचे खाली-वर इतके भराभर आघात करी की वेगवेगळे सूर एकमेकांत मिसळून एक सलग गडगडाट व्हावा. साध्या तारा त्याला पुरत नसत. आज सर्रास वापरतात त्या संचातली सगळ्यांत बारीक तार .००९ किंवा .०१० इंच जाडीची असते. डिक डेलची .०१६ पासून सुरू होऊन .०६० पर्यंत जायची. वर तो डावरा. उजव्या हाताच्या माणसाच्या तारा जशा लावतात तशाच ठेवून तो गिटार उलटी धरून वाजवायचा.

त्याच्या हातातलं वाद्य होतं फेंडर कंपनीचं स्ट्रॅटोकास्टर. हे मॉडेल १९५४ चं. त्यात तारांखाली तीन पिकअप असतात. पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची रिळं. वरची पोलादी तार हलली की या रिळात वीज निर्माण होते आणि पुढे ॲम्प्लिफायर तिचा आवाज करतो. फेंडरचे पिकअप एकेरी रिळाचे, त्यामुळे आवाज चकचकीत, काचेसारखा. सर्फला हाच आवाज हवा होता.

पुढे १९५८ मध्ये फेंडरने जाझमास्टर काढली. नाव जाझचं, पण जाझवाल्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. ती उचलली सर्फवाल्यांनी. १९६२ मध्ये तिची धाकटी बहीण जॅग्वार आली. या दोघींमध्ये घोडीच्या मागे तारांचा बराच भाग मोकळा राहतो आणि तोही हळूच झिणझिणतो. शिवाय सूर लाटेसारखा खाली-वर हलवण्यासाठी एक दांडी असते. स्ट्रॅटोकास्टरलाही दांडी आहे, पण या दोघींची हालचाल अधिक मऊ. जॅग्वारची लांबी कमी, २४ इंचांची, त्यामुळे बोटं झटपट फिरतात आणि तुटक सूर खुलतात. मला विचाराल तर मी जाझमास्टरला मत देईन. तिचे पिकअप रुंद आणि चपटे आहेत, म्हणून आवाजात चकाकी असूनही तो कानाला बोचत नाही. ‘व्हेंचर्स’ हे वाद्यवृंदवाले १९६० मध्ये ‘वॉक, डोन्ट रन’मुळे गाजले तेव्हा फेंडरच वाजवत होते. १९६३ पासून त्यांनी मोझराइट कंपनीच्या गिटारी घेतल्या आणि मग त्या गिटारींनाही भाव आला.

आता या आवाजातल्या ‘ओलेपणा’बद्दल. सर्फची गिटार ऐकताना वाटतं की वाजवणारा एखाद्या मोठ्या गुहेत बसलाय. हे समजायला हैदराबादच्या गौलीगुड्याचं उदाहरण घेतो. तिथलं जुनं बस स्थानक म्हणजे विमानं ठेवतात तसलं एक अवाढव्य, अर्धगोल, पोलादी छप्पर होतं. निजामाच्या काळातलं. जुलै २०१८ मध्ये ते कोसळलं. आधीच रिकामं केलं होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या छपराखाली मी एकदा बसची वाट पाहत उभा होतो. कंडक्टरची एक आरोळी उठली की ती पत्र्यावर आपटत, मोडत, विरत कितीतरी वेळ वर फिरत राही. मंगेशीच्या सभामंडपातला घंटानाद किंवा जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलमधली प्रार्थना अशीच रेंगाळते. फेंडरने १९६१ मध्ये हे रेंगाळणं एका छोट्या पेटीत कोंडलं. गिटारचा आवाज पेटीतल्या लांब स्प्रिंगांमधून पाठवायचा. तो स्प्रिंगेच्या टोकांवर आपटून पुनःपुन्हा परतत राहतो आणि मूळ आवाजात मिसळला की पाण्याचे शिंतोडे उडाल्यासारखा भास होतो. गौलीगुड्याचं छप्पर स्प्रिंगेत गुंडाळून ठेवलं म्हणा ना!

बेसविषयीही बोललं पाहिजे, कारण लोक बेस विसरतात. आधी खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बेस उभा करून वाजवत. तो प्रवासात न्यायचा म्हणजे शिक्षाच. १९५१ मध्ये फेंडरचा प्रिसिजन बेस आला, गिटारसारखा गळ्यात अडकवायचा. १९६० मध्ये जाझ बेस आणि १९६१ मध्ये सहा तारांचा ‘बेस सिक्स’ आला. सर्फमध्ये बेस बोटांऐवजी बहुधा नखीने वाजवतात आणि तारांखाली स्पंज किंवा नमदा दाबून ठेवतात. सूर ‘ठुक ठुक’ असा कोरडा, आखूड येतो. गिटार भिजलेली आणि बेस कोरडा, म्हणून दोघं एकमेकांच्या पायात येत नाहीत. प्रिसिजन बेस नखीने वाजवणाऱ्यांत कॅरल के या बाईचं नाव फार मोठं. ‘बीच बॉईज’च्या कितीतरी तबकड्यांवर तिने वाजवलंय. तबकडीच्या वेष्टनावर मात्र तिचं नाव नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं अमेरिकन वाटतं खरं, पण मुळाशी गेलं की चित्र बदलतं. लाटांवर फळीने स्वार होणं हा हवाई बेटांतला जुना खेळ. आणि विजेवर चालणारी पहिली यशस्वी गिटार निघाली तीही हवाईयन गिटारच. १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकरने तयार केलेली, मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी फिरवत वाजवायची. आकार तव्यासारखा, म्हणून तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. खुद्द लिओ फेंडरने धंदा सुरू केला तोही असल्याच मांडीवरच्या गिटारींपासून. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराचा आराखडा काढण्यात ज्याचा मोठा हात होता तो फ्रेडी ताव्हारिस हवाईच्या माउई बेटावर जन्मलेला, स्वतः हवाईयन गिटार वाजवणारा. १९५३ मध्ये तो फेंडरकडे आला.

ताव्हारिस! हे आडनाव वाचून गोंयकार थबकणारच. आपल्याकडे सासष्टी-बार्देशात हे आडनाव सापडतं. कारणही तेच, पोर्तुगाल. १८७९ च्या ऑगस्टमध्ये मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी निघालेली पोर्तुगीज माणसं ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून होनोलुलूला उतरली. त्यांच्यात नुनीस, डायस आणि एस्पिरितु सांतु असे तीन सुतार होते. त्यांच्याकडच्या चार तारांच्या छोट्या वाद्यातून हवाईचं उकुलेले जन्मलं. म्हणजे ज्या दर्यावर्दी लोकांनी आपल्याकडे व्हायोलिन आणि सोल्फेजो आणला, त्यांच्याच भाईबंदांनी तिकडे हे तंतुवाद्य नेलं. आपल्या पोरांना चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायची सवय लागली आणि त्या एका विद्येवर त्यांनी पुढे मुंबई, कलकत्ता, लाहोरपर्यंतचे बँड उभे केले. एकाच झाडाच्या दोन फांद्या, एक पॅसिफिकमध्ये वाढली आणि एक अरबी समुद्राच्या काठाने.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिक डेलचं सगळ्यांत गाजलेलं वादन म्हणजे १९६२ चं ‘मिसिरलू’. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’मुळे ते पुन्हा घरोघरी पोचलं. ही धून मूळची पूर्व भूमध्य भागातली. मिसिरलू म्हणजे इजिप्तची मुलगी. डिक डेलचं खरं नाव रिचर्ड मन्सूर, वडील लेबनीज वंशाचे, त्यामुळे हे सूर त्याच्या घरातलेच. हार्मोनियमवर ही धून काढून पाहा. शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, शुद्ध निषाद, आणि ऋषभ व धैवत कोमल. हा तर आपला भैरव थाट! अर्थात थाट जुळला म्हणून राग होत नाही. भैरवातलं ऋषभ-धैवताचं आंदोलन, ती पहाटेची गंभीर शांतता तिथे कुठून असणार? पण कॅलिफोर्नियातली पोरं ज्या सुरांवर नाचली ते सूर आपल्या देवळांतल्या काकड आरतीला परके नव्हते, एवढं खरं.

आता मुंबईला येऊ. ‘गुमनाम’चे दिग्दर्शक राजा नवाथे, म्हणजे मराठी माणूस. संगीत शंकर-जयकिशन यांचं, आवाज महंमद रफीचा. पडद्यावर डोळ्यांना मुखवटे लावलेली लक्ष्मी छाया आणि मंडळी नाचतात, गाणारा दिसतो तो हर्मन बेंजामिन, आणि मागे वाद्यं घेऊन ‘टेड लायन्स अँड हिज कब्स’ हा मुंबईचा बँड. गाणं उघडतं तेच गिटारच्या ठसकेबाज तुकड्याने. मग ड्रम्सची घोडदौड आणि तिच्यावर ब्रासचे फटकारे. कॅलिफोर्नियाचं रसायन आहेच, पण त्यात रफीचा आवाज आणि हिंदी चालीचा मोकळा मुखडा घातला की वेगळीच चीज तयार होते. नुसती नक्कल असती तर छत्तीस वर्षांनी अमेरिकेने ती कशाला शोधून काढली असती?

या जोडीतला शंकर हा हैदराबादचा. शंकरसिंग रघुवंशी, जन्म १९२२. तबला शिकलेला, पैलवानी अंगाचा. त्या शहराचा विचार केला की मला गौलीगुडा हे नावच बोलकं वाटतं. गौली म्हणजे आपला गवळी, गुडा म्हणजे तेलुगूतली वस्ती. दोन भाषा एका नावात नांदतात. आजूबाजूला जांबबाग, सुलतान बाजार, विवेक वर्धिनीसारखी मराठी मंडळींनी उभारलेली शिक्षणसंस्था, बाजारात दखनी उर्दू, बसच्या पाट्यांवर तेलुगू. अशा शहरात वाढलेल्या माणसाला चार ठिकाणचे सूर एका ताटात वाढायला संकोच वाटत नसणार. ‘श्री ४२०’मधलं ‘रमैया वस्तावैया’ हे शंकरच्या तेलुगूचंच देणं मानतात. गिटार काय नि ढोलक काय, त्याला दोन्ही आपलीच.

शंकरच्या शेजारी कोण बसत होते ते पाहा. वाद्यवृंदाची रचना करणारे, प्रत्येक वादकाला त्याचा कागद लिहून देणारे, सेबेस्टियन डिसोझा. गोव्याचे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात त्यांचा बँड होता, तिथून मुंबईला आले आणि पन्नाशीच्या दशकापासून सुमारे वीस वर्षं शंकर-जयकिशनच्या गाण्यांना त्यांनी व्हायोलिनांचं ते भरजरी वस्त्र चढवलं. आणि ताल सांभाळणारे दत्ताराम वाडकर. जन्म गोव्यातला १९२९ चा, बालपण सावंतवाडीकडे, मग मुंबई. शंकरशी त्यांची ओळख व्यायामशाळेत झाली असं सांगतात. ढोलकीवरचा त्यांचा तो खास ठेका आजही वादक ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखतात. ‘परवरिश’मधलं मुकेशचं ‘आँसू भरी हैं’ ही चाल त्यांची. २००७ मध्ये ते गेले.

एक चर्चमध्ये सोल्फेजो वाचायला शिकलेला, दुसरा ढोलकीच्या बोलांत वाढलेला. एक स्वरलेखनाचे कागद लिहितो, दुसरा तोंडी बोल सांगतो. आपल्याकडे गोव्यात भाषेवरून, लिपीवरून, धर्मावरून आपण किती शाई खर्च केली! मुंबईच्या स्टुडिओत मात्र ही दोन्ही गोंयं एकाच बाकावर बसून एकच गाणं बांधत होती.

आणि गिटार कुणी वाजवली? इथे मी सरकारी कारकून म्हणून बोलतो. आमच्याकडे एक साधा नियम असतो. फायलीवर नोंद नाही म्हणजे गोष्ट घडलेलीच नाही. त्या काळच्या हिंदी सिनेमाच्या नामावलीत संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं येत. सेबेस्टियन आणि दत्ताराम ‘सहाय्यक’ म्हणून येत. पण समोर बसलेल्या साठ-सत्तर वादकांची नावं देण्याची पद्धतच नव्हती. रोजंदारी घ्यायची आणि निघायचं. सिनेमाचं नाव ‘गुमनाम’, आणि ज्यांच्या तारांनी ते गाणं जगभर नेलं तेही गुमनाम. याहून कडवट योगायोग कुठला?

परिस्थितीही काही अनुकूल नव्हती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध. परदेशी गिटार म्हणजे जहाजावरच्या कुणा नातेवाइकाकडून आली तर आली. फेंडर-बिंडर हे बहुतेकांसाठी तबकडीच्या वेष्टनावरचं चित्र. पुढे कलकत्त्याच्या गिव्हसनसारख्या देशी गिटारींवर कित्येक पोरांनी बोटं झिजवली. अशा टंचाईत हा आवाज काढायचा म्हणजे वाद्याची उणीव हाताने भरून काढायची. हे करणाऱ्याचं कौतुक दुप्पट व्हायला हवं होतं.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो शंकर-जयकिशनचाच. १९६८ मध्ये त्यांची ‘रागा-जाझ स्टाईल’ ही तबकडी एचएमव्हीने काढली. अकरा राग, सतारीवर रईस खान आणि सोबतीला जाझचा ताफा. सिनेमा नसल्यामुळे की काय, इथे वादकांची नावं छापली गेली. गिटारवर अनिबल कास्त्रो आणि दिलीप नाईक. बेसवर एडी त्रावास. ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो. ट्रंपेटवर जॉन परेरा. पियानोवर लुसिला पाशेको. ही नावं मोठ्याने वाचून पाहा. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी हाका ऐकू याव्यात तशी वाटतात! या तबकडीत एक भैरवही आहे. सहा वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात डिक डेलने ज्या थाटाचे सूर गिटारवर छेडले, त्याच थाटाचा राग आता सतारीच्या जोडीला गिटार आणि बेस घेऊन मुंबईत वाजला. दोघांनी एकमेकांचं ऐकलं असेल-नसेल, सूर आपापल्या वाटेने येऊन भेटले.

जपानकडे पाहिलं की आपली उणीव जास्त टोचते. १९६५ मध्ये व्हेंचर्सच्या दौऱ्यानंतर तिथे विजेच्या गिटारीची अशी लाट उसळली की त्या वेडाला त्यांनी ‘एलेकी’ हे नावच दिलं. ताकेशी तेराउची या त्यांच्या गिटारवादकाने जपानी लोकगीतं आणि बेथोव्हेनसुद्धा सर्फच्या ढंगात वाजवलं आणि तो घराघरात पोचला. अमेरिकेतही कॅरल के आणि तिच्या सोबत्यांवर २००८ मध्ये ‘द रेकिंग क्रू’ हा माहितीपट झाला. आपल्याकडे त्याच वर्षी ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाचं ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक आलं. त्याने मुंबईत म्हाताऱ्या वादकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. नंतर २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ आलं. दोन्ही पुस्तकं इंग्रजीत. मराठीत आपण काय केलं? नाट्यसंगीतातल्या एकेका ऑर्गनवादकाची आठवण आपण काढतो, काढायलाच हवी. पण ज्या गोंयकारांच्या बोटांनी आपलं सगळं सिनेसंगीत वाजलं, त्यांच्याबद्दल मराठीत लिहिलं तर बिघडलं कुठे? ते कोंकणी बोलणारे, रोमी लिपीत लिहिणारे, म्हणून ते आपले नव्हेत का? दत्ताराम वाडकर तर मराठी मुलखात वाढलेले. त्यांच्यावर तरी किती लिहिलं गेलं?

डिक डेल १६ मार्च २०१९ रोजी गेला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले. त्याची गिटार कुठली, तारा किती जाडीच्या, ॲम्प्लिफायर किती वेळा जळला, सगळं तपशिलासह. ते वाचताना मला वाटलं, एवढं बारीक कुणी आपल्या वादकांबद्दल विचारलंय का? त्यांची गिटार कुठली होती, कुणी आणली, तारा तुटल्या की काय करत?

मंडळी, त्या पिढीतली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली असतील. कुणी साळगावात, कुणी कुडतरीत, कुणी पेडण्यात ओसरीवर बसून असेल. तुमच्या वाड्यावर पूर्वी मुंबईला ‘रेकॉर्डिंगला’ जाणारा कुणी काका, कुणी तिय असेल तर एकदा जाऊन बसा त्याच्याजवळ. कुठल्या गाण्यात वाजवलं, कुठल्या वाद्यावर, किती पैसे मिळाले, शेजारी कोण बसलं होतं, हे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. साध्या वहीत लिहिलंत तरी चालेल. नोंद झाली की माणूस गुमनाम राहत नाही.